उडवलेल्या बसचा कंडक्टर
अर्धं छत टीव्हीवर कोसळलं, धुरळ्यात काही दिसेना, आणि अशा वेळी माझ्या व्याह्यांनी काय करावं, तर टॉवेलचं टोक माझ्यापुढे धरलं. विहिणीचा हात कसा धरायचा, म्हणून टॉवेल! असा माणूस अख्ख्या उल्हासनगरात दुसरा नसेल. मी ओरडले, "अहो हात द्या, मेल्यावर लाजा!" तरी त्यांनी टॉवेलच दिला. तोच धरून मी दाराबाहेर आले.

हे माझ्या सुनेचे वडील. सारा जन्म जीन्सच्या कारखान्यात कापड कापण्यात गेला. बायको गेल्यापासून एकटेच राहायचे. मी बेलवलीहून त्यांना लोणचं द्यायला गेले होते, आणि ऊन उतरेपर्यंत त्यांच्या आवडीचा पिक्चर बघत बसले होते. उडणारा माणूस, पडणाऱ्या इमारती. आमचं छत आलं तेव्हा आधी मला वाटलं, आवाज टीव्हीतलाच आहे.

बाकीची बिऱ्हाडं जिना उतरून पळत होती. मीही निघाले. व्याही दारातच उभे राहून वर बघत होते. छताला भगदाड पडलं होतं आणि त्यातून वरच्या घरातल्या खाटेचा एक पाय लोंबत होता.

"विहीणबाई, वरच्या दादीचं काय झालं?"

दादी म्हणजे वरची सिंधी म्हातारी. एकटी राहायची, पापड लाटायची, कानाने कमी. मी म्हटलं, "बघतील लोक. तुम्ही चला." पण असा प्रश्न एकदा तोंडातून निघाला की हा माणूस जागचा हलत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. एकदा आम्ही सगळे अंबरनाथला पिक्चरला गेलो होतो. हिरोने अख्खी बस उचलून राक्षसाच्या डोक्यात घातली. पोरं शिट्ट्या मारताहेत आणि हे उभे. "अरे, बसमध्ये माणसं होती ना? कंडक्टर कुठाय?" मागचा म्हणाला, "अंकल, बैठो ना, पिक्चर आहे." तर म्हणतात, "पिक्चर आहे म्हणून कंडक्टर मेला तर चालेल?" मी पदरात तोंड लपवलं. मला आपलं दुष्टाचं थोबाड फुटलं की तिकिटाचे पैसे वसूल. यांचं तसं नाही. घरी येताना रिक्षात मला शिकवणी. "मारामारीने डोळे भरतात, विहीणबाई, पोट भरत नाही. वाचलेला माणूस घरी जाऊन दोन घास खाताना दाखवला, की पोट भरतं. आणि जो दमत नाही, धापा टाकत नाही, तो कसला हिरो? त्याला मरायची भीती नाही, मग मी कुणासाठी घाबरू?"

आता ते दम्याचे, गुडघे गेलेले, कठडा धरून वर चढायला लागले. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला उडता येत नाही!" ते म्हणाले, "म्हणून तर जिन्याने जातोय."

मी खाली जायला हवं होतं. गेले नाही, जिन्यातच थांबले. वरून त्यांचा आवाज आला, "दादी, दीवार पकड के आओ! नीचे मत देखो!" मग तिचा, "अरे दादा, मेरी चुन्नी तो लेने दो!" आणि यांचा, "चुन्नीला काय आग लावायचीय? पहले टॉवेल पकडो!"

तेवढ्यात दुसरा तुकडा पडला. जिन्यात पांढरा धुरळा उतरला. मी हाक मारली, "व्याही!" पुन्हा मारली. भिंतीतून कुरकुर ऐकू येत होती, आणि मी पायरीवर खिळल्यासारखी उभी.

मग खोकला आला. दोन खोकले. एक जाडा, एक बारीक. धुरळ्यातून आधी टॉवेल दिसला, त्याच्या एका टोकाला व्याही, दुसऱ्या टोकाला दादी. दोघंही पिठात लोळल्यासारखी. व्याह्यांची छाती भात्यासारखी चालली होती, पण टॉवेल सोडला नव्हता.

ती इमारत आता रिकामी आहे. दादीला तिची भाची घेऊन गेली. व्याही अंबरनाथला एका खोलीत भाड्याने राहतात. लेकीच्या घरी कायमचं कसं राहायचं, म्हणतात. खोली तळमजल्यावर आहे, टीव्ही नाही. मी गेले की चहा करतात आणि मधेच वर बघतात.

छत पडलं तेव्हा त्या दोन घरांत आम्ही तिघं होतो. तिघंही वाचलो.