वीस टक्के वाढली, वीस टक्के घटली

बायांनो, आज राजारामपुरीतल्या क्लासात माझं पार हसं झालं.

ह्या वयात मी दहावीला बसलीय. पास झाले तर बालवाडीत मदतनीस म्हणून कायम करणार हायेत, न्हायतर घरी बसायचं. बाकी विषय सुटले, गणितात दोनदा आपटले.

आज सरांनी गणित घातलं. गावची लोकसंख्या वीस टक्के वाढली, मग वीस टक्के घटली, आता ४८०० हाय. तर आधी किती होती?

मी लगेच ओरडले, "तेवढीच की! वीस आली, वीस गेली."

"पाच हजार, मावशी," सरांनी सांगितलं.

"मग दोनशे माणसं गेली कुठं?"

सगळी पोरं फिदीफिदी हसली.

सर म्हणाले, दुसऱ्या वेळचे वीस टक्के वाढलेल्या गावाचे धरायचे. तिथं पटलं. घरी येऊन क्ष मांडला, वीस मिळवले, वीस काढले, परत ४८००च!

शेजारची पोरगी म्हणते, "काकू, लई सोपं हाय की." त्यानंच रडू आलं.

पेपर पुढच्या आठवड्यात हाय. कुणाला येत असेल तर साध्या भाषेत लिहा. "जमेल ताई" तेवढं लिहू नका. मला जमत न्हाय.