विहीर झाकली हो

"विहिरीनं तुमचं काय घोडं मारलंय?" थोरल्या बाईंचा आवाज स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट बाहेर आला, आणि खिडकीखाली गवत खुरपत बसलेल्या नऊ वर्षांच्या पोरीचा हात तिथल्या तिथे थांबला.

"मांजर बुडालं तिच्यात. उद्या माणूस बुडेल," मालक म्हणाले.

"मांजराला पोहता येत नाही, हा विहिरीचा गुन्हा?"

"भराव आणून टाकलाय. मी दौऱ्यावरून यायच्या आत विहीर बुजलेली पाहिजे."

"पाणी बुजवून कुणाचं भलं झालंय? झाका म्हणते मी. वरून झाका."

"बुजवा म्हणजे बुजवा!"

मग एक भांडं आपटलं. कुणी आपटलं ते पोरीला कळलं नाही. भांडण कोण जिंकलं तेही कळलं नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

पोरीचा बाप त्या घरचा माळी. आठवड्यानं एका संध्याकाळी तो हातपाय धुताना म्हणाला, "झालं एकदाचं विहिरीचं." पोरीनं विचारलं, "बुजवली?" तो म्हणाला, "झालं म्हटलं ना!" बाप असा बोलला की पुढं विचारायची सोय नसे. पोर धरून चालली की बुजवली.

ती पोर मोठी झाली, शिंप्याच्या घरात दिली गेली, पण बापाची खुरपी काही तिच्या कमरेची सुटली नाही. दहा घरच्या बागा तिनं राखल्या. लोक तिला खुरपीमावशी म्हणत. शिंपी म्हणे, "माझी सुई हरवते, पण हिची खुरपी हरवत नाही. झोपताना उशाशी घेते की काय, देव जाणे."

ते जुनं घर पुढं बरीच वर्षं बंद पडलं. थोरल्या बाई गेल्या, मालक गेले. मावशीची साठी उलटली, तेव्हा थोरल्या बाईंची सून तिथं राहायला आली. ती पन्नाशीची, नवरा दिवसभर कामावर. तिला सगळे वहिनी म्हणत. बागेत कमरेएवढं रान माजलं होतं. वहिनींनी मावशीला बोलावून एक जुना फोटो पुढं धरला. त्यात फुलझाडांचे गोल वाफे, दाराशी जाईचा वेल, कोपऱ्यात लिंबू.

"मावशी, मला बाग अगदी अश्शी पाहिजे."

"वेल आणि लिंबू जिवंत आहेत. वाफ्यांचे दगड मातीखाली सापडतील. करू की!"

"आणि हा इथं कडेला काय अर्धा कापला गेलाय?"

"तो विहिरीचा कठडा. पण विहीर आता नाही. बुजवली. माझ्या बापानंच बुजवली," मावशी ठसक्यात म्हणाली.

या शब्दावर वहिनींनी पुढचं सगळं ठरवलं. मधल्या मोकळ्या जागेतली हरळी छाटून घेतली, तिला पाणी सुरू केलं. जमीन उंच करायला लाल मातीचा ट्रक सांगितला. तो आत यावा म्हणून मागच्या कुंपणाची भिंत दोन हात पाडली. रोज सकाळी त्या हिरवळीवर खुर्ची टाकून त्या चहा पीत बसू लागल्या.

मावशीनं महिनाभरात रान काढलं. जाईचा वेल मांडीएवढ्या खोडापर्यंत छाटला. वहिनी घाबरल्या, "मारलात की काय?" मावशी म्हणाली, "केस कापल्यानं माणूस मरतं का?" आणि बाराव्या दिवशी वेलाला कोंब आले. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

मग न्हाणीघरामागची झुडपं तोडताना मावशीला उंचवटा लागला. तिला वाटलं, वारूळ. खुरपी घातली तर आत मुरूम निघाला. मुरूम आणि दगडगोटे, चांगला गाडीभर ढीग, आणि त्याच्या कडेला कठड्याचे घडीव दगड नीट रचून ठेवलेले. ढिगाला कुणी पन्नास वर्षांत हात लावलेला नव्हता.

मावशीनं खुरपी बाजूला ठेवली. भराव जर इथं, तर विहिरीत काय?

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण झाकलेली विहीर कितीची? घरी जाऊन तिनं शिंप्याला सांगितलं.

शिंपी काजं करत होता. त्यानं मान वर केली नाही. "मालकानं दुसरा भराव आणला असेल."

"आणि नसेल तर?"

"तर जाऊन सांग वहिनींना."

"काय सांगू? माझ्या बापानं मालकाचं काम केलं नाही, आणि मी छाती ठोकून खोटं बोलले?"

"अगं, बाप गेला त्याला वीस वर्षं झाली."

"बाप गेला. त्याचं नाव कुठं गेलंय? आजही लोक मला त्याच्या नावानं काम देतात."

आता नुसतं पहारीनं खणून बघावं, तर विहीर नेमकी कुठं होती? जुनी झाडं गेलेली, कुंपण सरकलेलं, फोटोत कठड्याचा अर्धाच तुकडा. अंदाजानं चालत जाऊन पहार मारावी, आणि पायाखालीच निघाली तर? मावशीला एकच उपाय सुचला, बापानंच शिकवलेला. हरळीची मुळी खोल जाते. खाली माती असली तर ती पाण्यावाचूनही तग धरते. खाली फळ्या असल्या आणि वर वीतभरच माती असली, तर तिथली हरळी सगळ्यांत आधी वाळते. आणि खड्डा बुजवलेला असला तर तिथली माती भुसभुशीत, तिथं हरळी उलट जास्त हिरवी. म्हणजे हिरवं गोल दिसलं तर बाप खरा. पिवळं दिसलं तर मात्र...

तिनं त्याच दिवशी हिरवळीचं पाणी तोडलं. चारी बाजूंनी दोरी बांधली आणि सांगितलं, "खत टाकलंय, आठ दिवस आत पाय नको."

पण वहिनी कुठल्या ऐकायला! दुसऱ्या दिवसापासून दोरी ओलांडून खुर्ची आत. आठव्या दिवशी मावशी पुन्हा विनवायला गेली.

"वहिनी, सावलीत बसा की."

"हाडं शेकतेय मी."

"खताचा वास येतो ना?"

"कुठं येतोय? तुम्हाला झालंय काय मावशी? आणि गवताला पाणी का नाही? वाळतंय बघा ते! शुक्रवारी मातीचा ट्रक येतोय."

"शुक्रवारी?" मावशीनं मागच्या पाडलेल्या भिंतीकडं बघितलं. माती भरलेला ट्रक, तो मागे घेत घेत हिरवळीच्या मध्यावर येणार. "दोन दिवस पुढं ढकला ना."

"का पण?"

सांगावं म्हणून मावशीनं तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "गवताला विश्रांती लागते." ही बाई स्वतः एक दिवसाची सुट्टी घेत नाही, आणि गवताला कसली विश्रांती!

गुरुवारी सकाळी मावशी फाटकातून आली आणि जागच्या जागी थिजली. ऊन तिरपं पडलं होतं. हिरवळीच्या डाव्या अंगाला हरळी पिवळी पडली होती. चार खाटा मावतील एवढी, आणि परकर अंथरावा तशी गोल. गोलाच्या मधोमध खुर्ची, आणि खुर्चीत चहाचा कप घेऊन वहिनी.

मावशी पुढं धावली नाही. कडेशी उभी राहिली आणि आवाज शक्य तितका खाली ठेवून म्हणाली, "वहिनी, कप खाली ठेवा. उठा. हळू."

"काय झालं? साप आहे?"

"साप असता तर बरं होतं. खुर्ची राहू दे. पाय न आपटता या. माझ्याकडं बघत या."

मावशीचा चेहरा बघून वहिनी उठल्या. सात पावलं आल्या. शेवटच्या पावलाला मावशीनं त्यांचं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

मग तिनं लांब पहार आणली. कडेला पालथी पडून हात लांबवून ती गोलात मारली. वीतभर माती, मग भिजल्या पुठ्ठ्यासारखं मऊ लाकूड. पहार हातातून निसटली. दोघी ऐकत राहिल्या. जरा वेळानं खालून आवाज आला, डुबुक.

वहिनींनी खुर्चीकडं बघितलं. "पाणी आहे!"

"फळ्या टाकून वर माती लोटली होती," मावशी म्हणाली. "मी तुम्हाला बुजवली म्हटलं. बापानं मला फसवलं, मालकाला फसवलं. मी दहा दिवस जाणून गप्प बसले. कामावरून काढा मला, पण ट्रक आत घेऊ नका."

वहिनी म्हणाल्या, "दहा दिवस मी त्याच्यावर चहा पीत बसले, आणि तुम्ही मला खताचा वास दाखवत होतात?"

"हो."

"आधी सांगायला हवं होतं, मावशी."

"हो."

"फसवलं सासूबाईंनी. त्यांच्यापुढं सासऱ्यांचं चाललं नाही, तर तुमच्या बापाचं काय चालणार होतं?" एवढं म्हणून त्यांना हसू आलं, आणि हसता हसता रडू. "पण आधी सांगायला हवं होतं."

ट्रक बाहेरच रिकामा झाला. माती घमेल्यांनी आत आली. सडक्या फळ्या काढल्या, न्हाणीघरामागच्या घडीव दगडांचाच कठडा पुन्हा बांधला, वर लोखंडी जाळी आणि कुलूप. भर उन्हाळ्यात नळाला पाणी नसताना सगळी बाग त्या विहिरीवर जगली. फोटोतला कठडा अर्धा होता, बागेतला पुरा झाला.

मावशीला कुणी कामावरून काढलं नाही. पण त्या दिवसापासून तिच्या जिवाला एक चाळा लागला. संध्याकाळी दोन बादल्या शेंदायच्या, एक जाईला, एक लिंबाला. जाळी लावायची, कुलूप घालायचं, ओढून बघायचं. खिडकीतून आत हात घालून किल्ली खिळ्याला अडकवायची आणि म्हणायचं, "वहिनी, विहीर झाकली हो." फाटकापर्यंत जाऊन परत यायचं आणि कुलूप पुन्हा एकदा ओढून बघायचं. शिंपी म्हणे, "कुलपाचा कान उपटशील एक दिवस."

अशी चार वर्षं गेली. चौथ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर तिला धाप लागायला लागली. एका संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "आज राहू द्या मावशी, मी बघते."

"तुम्ही? तुम्ही त्याच्यावर खुर्ची टाकून बसाल."

तिनं अर्धी अर्धी करून दोन बादल्या शेंदल्या. एक जाईला, एक लिंबाला. मध्ये कठड्यावर टेकली. जाळी लावली, कुलूप घातलं, ओढून बघितलं. खिडकीतून आत हात घातला, किल्ली खिळ्याला अडकवली.

"वहिनी, विहीर झाकली हो."

"बरं. सावकाश जा."

ती फाटकापर्यंत गेली. थांबली, दम घेतला, परत आली, आणि कुलूप पुन्हा एकदा ओढून बघितलं.