आमी असं वरडत न्हाई

मॅडमनी माझं मनगट धरलं आणि हात सगळ्यांसमोर वर केला. रंग लावायला आलेल्या बाईंना म्हणाल्या, "हा रंग हवाय. असाच."

वर्ग हसला.

मी नववीत होते. लोणावळ्याजवळची शाळा, गॅदरिंगचा दिवस. कार्यक्रमात 'आदिवासी नृत्य' होतं. अकरा मुलींच्या हातापायांना काळा रंग फासला, कमरेला पानं बांधली. बारावी मी. मला फक्त गणवेशावर पानं. "हिला मेकअपची गरजच नाही," मॅडम म्हणाल्या. मी कातकरी. वर्गात एकटीच.

माझ्या बाकावरची मुलगी माझी चांगली मैत्रीण होती. आपला रंगवलेला हात माझ्या हाताशेजारी धरून तिने बाईंना विचारलं, "हा धुतल्यावर जाईल ना?" तिच्या मनात काही नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

नाचात भाले नाचवायचे होते आणि तोंडावर हात आपटत ओरडायचं होतं. आमच्या वाडीत असं कुणी ओरडत नाही. आई साडी नेसते, बा पँट-शर्ट घालतो. दोघं दिवाळीनंतर उर्से टोलनाक्यापलीकडच्या वीटभट्टीवर जातात, ते पावसाच्या तोंडाला परत येतात. त्यांच्यामागं फिरून माझी दोन वर्षं बुडाली, म्हणून मला मावशीकडे ठेवलेलं. हे सगळं मॅडमना सांगायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "मॅडम, आमी असं वरडत न्हाई."

त्या म्हणाल्या, "तुला काय माहीत? मी व्हिडिओ बघून बसवलंय."

मला काय माहीत.

पडदा उघडला. गाणं लागलं. सगळ्या ओरडल्या. मी कमरेची पानं सोडली, खाली ठेवली आणि नुसत्या गणवेशात मध्येच उभी राहिले. रडू येत होतं. गाणं संपेपर्यंत तशीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी बाला बोलावलं. तो भट्टीवर खाडा करून, धुतलेला शर्ट घालून आला. मुख्याध्यापकांनी त्याला बसायला सांगितलं नाही. पाहुण्यांसमोर शाळेची अब्रू गेली म्हणाले. या मुलांसाठी आम्ही एवढं करतो, आणि ही अशी वागतात, म्हणाले. नक्की काय झालं होतं ते बाला कुणी सांगितलंच नाही. त्यानं विचारलंही नाही. सरळ हात जोडले. "पोर हाय, सायेब. चुकली."

स्टेजवर लागलं नव्हतं एवढं मला तिथं लागलं. मी त्याचे हात धरून खाली केले. मुख्याध्यापकांना म्हटलं, "मी न्हाई चुकले. नक्कल तुमी केली. आमची."

बा एसटीत चढताना म्हणाला, "शाळंतनं काढलं म्हंजी?"

मी म्हटलं, "मग भट्टीवर यीन. पर माफी न्हाई."

त्याला ते पटलं नाही. अजून पटलेलं नाही.

शाळेनं काढलं नाही. पण मॅडमनी पुढं वर्षभर मला एक प्रश्न विचारला नाही. मी हात वर केला तरी त्यांची नजर पुढच्या बाकावर जायची.

बारावी झाले. मला शिक्षिका व्हायचंय. डी.एड.च्या राखीव जागेला जातीचा दाखला लागतो. त्यासाठी तहसील कचेरीत तीन खेपा झाल्या. खिडकीवरचा माणूस दर वेळी तेच म्हणतो, "तुम्ही कातकरी कशावरून? आजोबांच्या काळातला कागद आणा." आजोबा शाळेत गेले नाहीत. त्यांच्या नावावर जमीन नव्हती. त्यांचं नाव कुठल्या कागदावर असणार? मला स्टेजवर नाचवायचं होतं तेव्हा कुणी कागद मागितला नव्हता.

सोमवारी पुन्हा जाणार आहे. वाडीतल्या आणखी दोघींचे दाखले अडलेत, त्याही बरोबर येतायत. या वेळी विनवणी नाही. त्या माणसाला सांगणार, नाही म्हणायचंय तर लेखी म्हणा आणि खाली सही करा. सही केल्याशिवाय खिडकी सोडणार नाही. तो कागद घेऊन वरच्या साहेबाकडे जाणार. तोही नाही म्हणाला, तर त्याच्याही वर.