पुढनं आत, मागनं बाहेर

देवाला हवेतलं काही कळत नाही असं ठामपणे म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो माझा धाकटा चुलतभाऊ. "एकाच नाकानं हवा आत घ्यायची आन् त्याच नाकानं सोडायची? पुढनं आत, मागनं बाहेर पायजे की!" हे त्याचं जुनं गाऱ्हाणं. एसटीत बसला की आधी पुढच्या माणसाला खिडकी उघडायला लावी, मग मागच्याला, आणि मधल्या वाऱ्यात कुणाची टोपी उडाली की ह्याला समाधान. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा शूटिंग सोडून कार्यालयाच्या मॅनेजरला सांगत होता, "तुमचे दोन पंखे एकमेकांशी भांडाय लागल्यात."

लग्नांचे व्हिडिओ करून देणं हा त्याचा धंदा आणि त्यासाठी स्वतःच्या हाताने जुळवलेला कॉम्प्युटर हे त्याचं दैवत. सोलापूरचा उन्हाळा आपण माणसं अंगावर काढतो. त्या कॉम्प्युटरच्या पेटीला मात्र पुढे तीन पंखे आणि पाठीशी पाणी खेळवणारा रेडिएटर. दुपारी पेटीभोवती अगरबत्ती फिरवून, धूर कुठून आत जातो आणि कुठून निघतो ते हा डोळे बारीक करून बघे. शेजारणीला वाटायचं पूजा चाललीय, ती दारातूनच हात जोडून जायची.

भवानी पेठेतल्या त्या घराला खिडकी एकच. तिच्याखाली काकांची, म्हणजे ह्याच्या वडिलांची खाट असायची. जन्म यंत्रमागावर गेलेला, दमा जडलेला, तेवढाच वारा. पण पेटीला पुढून गार हवा लागते म्हणून पेटी खिडकीशी आली आणि खाट पेटीच्या पाठीमागे गेली. "गरम हवा बाहेर टाकती ती, आप्पा," ह्याने समजावलं. काका धापा टाकत हसले. "बाहेर म्हंजी कुटं रं? माज्या अंगावरच की."

मी त्याला तोंडावर सांगितलं, अरे, खाट हलव. त्याने अगरबत्ती पेटवली, पेटीच्या पुढून मागे नेली आणि खूश होऊन म्हणाला, "बघ दादा, आत कुटं आडकतीया का हवा?" खाटेपर्यंत ती अगरबत्ती त्याने कधी नेलीच नाही. उलट काकाच मला दटावत, "असू दे रं. त्याचं पोट हाय त्यात." मला दोघांचाही राग यायचा, त्याचा जास्त.

वैशाखात काका गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मी मात्र भावाशी बोलणं टाकलं.

तेराव्याला खाटेच्या जागी पाट मांडून काकांचा फोटो ठेवला होता. कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ द्यायचा राहिलेला, म्हणून पेटी त्या दिवशीही चालूच. ह्याने अगरबत्ती लावली आणि सवयीने धुराकडे बघत बसला. धूर वर चढेना. आडवा होऊन काकांच्या तोंडावर जात होता. ह्याने फोटोपुढे तळहात धरला, बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"दादा," तो म्हणाला, "हितं लई गरम हाय रं."

मग उठून त्याने पेटी बंद केली.

पेटी आता आतल्या खोलीत आहे. खिडकीखालची जागा त्याने रिकामीच ठेवली आहे. माझा राग पुरता गेलाय असं नाही. पण परवा आम्ही दोघं वैरागला निघालो, एसटीत घामाच्या धारा लागलेल्या आणि हा मान खाली घालून गप्प. मला ते बघवेना. शेवटी मीच पुढच्या माणसाला म्हणालो, "पाव्हणं, जरा खिडकी उघडा की."