दरेकसाच्या आजीचा गडवा

त्या वर्षीच्या उपवासकाळात काही केल्या माझं प्रार्थनेत मन लागत नव्हतं, आणि त्याला कारण आमच्या मागच्या खोलीतला ड्रम. गुडघे टेकले, डोळे मिटले, की भिंतीपलीकडून धडाम्. आमचा प्रफुल्ल चर्चमधल्या तरुण मंडळींना घेऊन प्रभू येशूच्या जीवनावर नाटक बसवत होता, आणि तेही रॉक संगीताचं. शिष्य जीन्स घालणार, मरिया गिटार वाजवणार आणि प्रभूची भूमिका स्वतः प्रफुल्ल करणार. जेवलेलं ताट कधी उचलून मोरीत न ठेवणारा माझा लेक म्हणे वधस्तंभ उचलणार!

आमगावची आमची चर्चची मंडळी लहान. तिथली पेटी मी लग्न होऊन आले तेव्हापासून वाजवते. पाळक येतात, बदलून जातात, पेटीवर मीच. प्रफुल्ल नागपूरला लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. काही वर्षांपूर्वी त्याने उपासनेत गिटार वाजवू द्या म्हणून विचारलं. कमिटीने नाही म्हटलं आणि त्याने चर्चची पायरी सोडली. सुटीत घरी यायचा, पोटभर जेवायचा, पण रविवारी घंटा झाली की चादर तोंडावर ओढून घ्यायचा. पेटी वाजवताना माझी नजर त्याच्या रिकाम्या जागेवर जायची आणि जीव तुटायचा. म्हणून नव्या पाळकसाहेबांनी त्याला बोलावून नाटक सोपवलं तेव्हा मला आनंदाने रडू आलं. नाटक कसलं आहे ते कळल्यावर मात्र मी भडकले.

मंडळीत सरळ दोन तट पडले. वडीलधारे म्हणत, ही प्रभूची थट्टा आहे, असला धांगडधिंगा बारशाला शोभतो, वधस्तंभाला नाही. तरुण म्हणत, दावीद राजा देवापुढे नाचला तेव्हा त्याने कुठली कमिटी विचारली होती? मी वडीलधाऱ्यांकडची. पाळकसाहेबांनी पेटीची साथ मागितली, तर मी साफ सांगितलं की माझी पेटी असल्या गोंधळात वाजणार नाही. आमचे हे तेवढे गालातल्या गालात हसत होते. मी पोळ्या लाटताना प्रफुल्लचं वधस्तंभाचं गाणं गुणगुणते हे त्यांनी पकडलं होतं. मी म्हटलं, दिवसभर कानावर आदळतं, त्याला मी काय करू?

नाटकाच्या दिवशी सकाळी प्रफुल्ल माझ्याजवळ येऊन बसला. तालमींनी त्याचा घसा बसला होता आणि त्या दिवशी त्याने उपासही धरला होता. म्हणाला, “आई, आज लोकांनी ऐकून घेतलं तर मी पुन्हा चर्चमध्ये येईन. हसले तर मला परत कधी बोलावू नको.” मी आत जाऊन गुडघे टेकले. त्या दिवशी प्रथमच मी म्हटलं, प्रभू, मला काय आवडतं ते राहू दे, माझा मुलगा तेवढा घरी आण.

झावळ्यांचा रविवार होता. नाटक चर्चच्या अंगणात संध्याकाळी, आपल्या आपल्या माणसांपुरतं, असं ठरलं होतं. पण कुणीतरी भोंगा लावलेला ऑटो सांगून ठेवला, आणि त्या ऑटोवाल्याचा सगळा जन्म मंडईच्या, म्हणजे गावजत्रेतल्या, नाटकांची जाहिरात करण्यात गेलेला. त्याने सवयीने गावोगाव पुकारा केला: संगीत, सामाजिक, तीन अंकी, हसवणारं आणि रडवणारं नाटक! झालं. खेड्याखेड्यांतून माणसं पोती, चटया, लेकरं घेऊन आली. अंगण भरलं, कुंपणावर माणसं बसली. पाळकसाहेब घाम पुसत होते. कमिटीच्या बाकावर मी हाताची घडी घालून बसले होते.

सुरुवात खरं सांगते, छान झाली. लोक टाळ्या वाजवत होते. मग प्रफुल्ल खांद्यावर वधस्तंभ घेऊन आला, गिटारने जोर धरला, आणि लाईन गेली. गिटार मुकी, कीबोर्ड मुका, माईक बंद, ड्रमवालाही गोंधळून थांबला. प्रफुल्लने तोंड उघडलं तर घशातून नुसती खरखर. तो गुडघ्यावर बसला. तसं बसणं नाटकात नव्हतं. मागून शिट्ट्या सुरू झाल्या, कुणी हसलं. माझ्या शेजारी बसलेले कमिटीतले एक वडीलधारे पुटपुटले, मी सांगितलंच होतं. मी प्रफुल्लचा चेहरा बघत होते. तो उठून निघून जाणार, आणि कायमचा जाणार, हे मला दिसत होतं.

एवढ्यात गर्दीतून एक म्हातारी उठली. लुगड्याचा काष्टा मारलेली, कोणाच्या ओळखीची नाही. अंगणातल्या माठातून गडवाभर पाणी घेऊन ती सरळ स्टेजवर चढली. तिला कुणी अडवलं नाही, कारण आमच्याकडे मंडईच्या नाटकात काम आवडलं की लोक वर जाऊन नटाला बक्षीस देतात, तशीच ही असेल असं सगळ्यांना वाटलं. तिने प्रफुल्लच्या तोंडाला गडवा लावला आणि आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाली, “इतके लोक बसून राहिले, अन् पोराले कोनी पानी काऊन नाही देऊन राहिले?”

शिट्ट्या थांबल्या. वधस्तंभाची गीतं वाजवण्यात माझं आयुष्य गेलं. वधस्तंभावर प्रभूला तहान लागली होती हे मला पाठ आहे. पण उठून पाणी द्यावं असं त्या अंगणात तिला एकटीलाच वाटलं, आणि ती आमच्यातली नव्हती. प्रफुल्ल घटाघटा पाणी प्याला, तोंड पुसलं, आणि माईकशिवाय गाऊ लागला. आवाज सुटला होता. घसा ओला झाला की आवाज सुटतो, त्यात काय मोठं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

मी पेटी आणायला वळले, तर आमचे हे चर्चच्या दारात पेटी घेऊन उभेच! पेटीला लाईन लागत नाही. मी स्टेजच्या कडेला बसले आणि पहिल्या सुरापासून त्याचं ते रॉक गाणं वाजवलं, एक जागा चुकले नाही. प्रफुल्लने माझ्याकडे बघितलं आणि वधस्तंभाखाली वाकलेला असतानाही हसला. मंडळीने ताल धरला. मघाशी पुटपुटणारे वडीलधारे तर बाकावर असा ठेका देत होते की बाक मोडतो की काय. गाणं संपता संपता लाईन आली, पण गिटारकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

नाटक संपल्यावर मी आजीला शोधलं. ती चपला धुंडत होती. दरेकसा गावची, इथे नातीकडे आलेली. मी तिचे हात धरून म्हटलं, आजी, तुम्ही प्रभूला पाणी पाजलंत. ती माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मीच भोळी. म्हणाली, “नाटक हाये ते मले समजते, बाई. पन घसा त्याचा खराच सुकला होता.”

मी तिथेच ओक्साबोक्शी रडले आणि रडता रडता हसले.

पुढच्या रविवारी पुनरुत्थानाचा सण, ईस्टर. घंटा झाली तेव्हा मी मागे वळून बघितलं नाही. भीती वाटत होती. मग शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि गिटारची तार पेटीच्या सुराला लावली जाऊ लागली. प्रभूने माझी प्रार्थना ऐकली, पण माझ्या पसंतीची वाट त्याने घेतली नाही. ऑटोवाल्याची चूक, गेलेली लाईन आणि एका अनोळखी आजीचा हात, एवढंच त्याला पुरलं. त्याचे मी किती आभार मानू! त्याने कुठल्या दाराने यावं हे आता मी ठरवत नाही.

ड्रमचा आवाज मला आजही सोसत नाही. पण पेटीजवळ मी दर रविवारी पाण्याने भरलेला गडवा ठेवते, आणि उपासनेनंतर तो रिकामा गडवा प्रफुल्ल स्वतः उचलून धुऊन ठेवतो.