‘हूं हूं’च्या जागी आलेलं नाव

अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी वगैरे वाचलं की मला हसू येतं. भूतबित मी कधी मानलं नाही आणि मानायला वेळही नव्हता. विरारच्या चंदनसारहून मुंबईला नोकरी, घरी आलं की लाइट गेलेले, लाइट आले की पाणी गेलेलं. ह्यात भुताला कुठे जागा देणार? तेव्हा मी हे कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. विचार करकरून दमलेय, एवढंच.

आमचा फ्लॅट विरार पूर्वेला, पण सासर मूळचं वसईच्या बागायतीतलं. केळी, पानवेली, विहिरीवर पंप. तिथे माझे मोठे दीर, जाऊबाई, त्यांची मुलगी पल्लवी आणि ह्यांची आत्या असे राहायचे. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. लग्नघरात त्यांच्याशिवाय हळद लागायची नाही, कारण हळदीची गाणी त्यांच्याएवढी कुणालाच येत नव्हती. त्या गाण्यांत कडव्या-कडव्याला नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं. जिचं नाव घेतलं नाही तिची हळद अर्धीच, असं तिकडच्या बायका मानतात. अगदी मनापासून मानतात.

चार-पाच वर्षांपूर्वी ह्यांनी नवा मोबाइल घेतला. माझी मुलगी मुक्ता तेव्हा कॉलेजात. एका रविवारी तिने आत्यांच्या तोंडासमोर तो धरला नि म्हणाली, “आत्याआजी, गा ना!” आत्या गायल्या. पण नावाची जागा आली की नुसतं ‘हूं हूं’ करायच्या.

“नाव घे ना गं!”

“नवरी नाय, त नाव कोनाचं घेऊ?” आत्या म्हणाल्या. “नाव उगाच घ्यायचं नसतं, पोरी.”

त्यानंतर महिन्याभरात आत्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आणि मग जमलं पल्लवीचं लग्न. मुलगा हर्षल, नालासोपाऱ्याचा, चांगला पोरगा. सगळं छान, पण पल्लवी एके दिवशी माझ्याजवळ येऊन रडायला लागली. “काकू, माझ्याच हळदीला आत्याआजी गाणार नाही गं!” पोरगी आत्यांच्या मांडीवर वाढलेली. म्हटलं, थांब, रेकॉर्डिंग आहे, मी सीडी करून आणते.

आणि इथून माझे भोग सुरू झाले.

तोपर्यंत ह्यांचा तो फोन त्यांच्या नोकरीच्या ठिकाणी, कामणच्या गोडाऊनमध्ये, दोनदा आपटला होता. स्पीकर मेलेला, इअरफोन लावला तरच ऐकू यायचं. बॅटरी फुगलेली. त्या मॉडेलची केबल अख्ख्या विरारमध्ये मिळेना. दुकानदार म्हणाला, “मॅडम, ब्लूटूथ मारा ना, सिंपल है!” सिंपल म्हणे! कॉम्प्युटरला लावायचा ब्लूटूथचा डोंगल आणला, सीडीवरून ड्रायव्हर टाकला. कॉम्प्युटरला फोन दिसेना. फोनला कॉम्प्युटर दिसला तर पासकी घेईना. पेअरिंग डिलीट केलं, पुन्हा केलं. डोंगल मागच्या पोर्टमधून काढून पुढे लावला. फायरवॉल बंद केला. फाइल अर्ध्यावर जायची, की ‘कनेक्शन फेल्ड’. एकदा तर अगदी शेवटाला आली आणि भारनियमन सुरू! मी डोंगल भिंतीवर फेकणार होते, मुक्ताने हात धरला.

असं किती दिवस चाललं विचारू नका. ऑफिसातून यायचं, कुकर लावायचा आणि फोन हातात धरून कॉम्प्युटरसमोर बसायचं. हे म्हणायचे, “सोड ना आता, हळदीत वाजवायला बँजोवाला आहे की.” माझं डोकंच सरकायचं. बँजोवाला पल्लवीचं नाव घेणार आहे का?

हळदीच्या आदल्या दिवशी रजा काढली. दुपारी, काहीही वेगळं न करता, फाइल गेली. एका दमात. मला आनंदसुद्धा झाला नाही, इतकी थकले होते. सुरुवातीच्या दोन ओळी ऐकल्या, आवाज स्वच्छ होता. एमपीथ्री केली, सीडी बर्न केली, झोपले.

दुसऱ्या दिवशी मांडवात पल्लवी पाटावर बसली, आत्यांना खुर्चीत आणून बसवलं, ह्यांनी सीडी लावली. आत्यांचा आवाज आला तसे बायकांचे डोळे भरले.

‘कोनाच्या हाताला हळद लागली… पल्लवी बाईच्या हाताला…’

जाऊबाईंचा हात हळदीच्या वाटीतच राहिला. मी म्हटलं, भास झाला. पुढचं कडवं आलं –

‘कोनाच्या घरची उष्टी हळद आली… हर्षल रायाच्या घरची…’

एक-दोघींनी नाही, अख्ख्या मांडवाने ऐकलं. पल्लवी हुंदके देऊन रडत होती आणि हसतही होती. आत्या डाव्या हाताने खुर्चीवर ठेका धरून बसलेल्या. अंगावर शहारा आला हो माझ्या, भर मांडवात, पन्नास माणसांत! पण घाबरलेली मी एकटीच. बाकीच्यांना वाटलं, ही माझी करामत. जाऊबाईंनी मला मिठीच मारली. “कसं केलंस गं? आमची कॉम्प्युटरवाली!” मी सांगत होते, अहो वहिनी, मी काही केलेलं नाही, तिथे हूं हूं होतं… कोण ऐकतंय! “लाजते बघा कशी,” म्हणे. आजही त्या घरात माझं कौतुक त्याच गोष्टीसाठी होतं आणि मला ते निमूट ऐकावं लागतं.

घरी येऊन फोनला इअरफोन लावला. फोनमध्ये ‘हूं हूं’च आहे. कॉम्प्युटरवर नावं आहेत. आवाज तोच, मागे तोच पंपाचा आवाज, मुक्ताचं खिदळणंसुद्धा तेच. ऑफिसातल्या सिस्टिमवाल्याला दोन्ही ऐकवलं. तो म्हणाला, “मॅडम, फाइल करप्ट होते. नावं कशी येतील? कोणीतरी डबिंग केलंय.” कोणी? आणि आत्यांच्या आवाजात? हर्षलचं नाव आमच्या घरात आलं तेव्हा त्यांची जीभ उचलत नव्हती.

एकदा न राहवून आत्यांनाच विचारलं, “आत्या, तुम्ही घेतलंत का हो नाव?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटले. हो की नाही, मला कळलं नाही. पुढच्या वर्षी त्या गेल्या.

आता मुक्ताचं लग्न ठरलंय. मुलगा चिंचोटीचा. परवा ती म्हणाली, “आई, तो फोन अजून चालू होतो. पुन्हा एकदा पाठवून बघ ना.”

मी काही ना काही कारण काढते. चार्जर मिळत नाही, वेळ नाही. खरं कारण मलाच माहीत. पाठवली आणि ‘हूं हूं’च आलं तर? आत्याआजीने तुझं नाव घेतलं नाही, हे पोरीला कुठल्या तोंडाने सांगू? माझी हिंमत होत नाही.

काल तिने बरोबर ओळखलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, “नाही आलं तर तू म्हण.”

“मी? माझा गळा ऐकलायस का?”

“मला चालेल.”

पल्लवीचं गाणं कसं झालं, हे शोधायचं मी सोडून दिलंय. आज सकाळी पोळ्या लाटताना चाल धरून पाहिली. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा नावाच्या जागेपर्यंत पोचले आणि मुक्ताचं नाव घेताना तव्यावरची पोळी करपली तरी कळलं नाही.