निपुत्रिक पणजोबांचा वंश

आमचे पणजोबा निपुत्रिक वारले, असं घाटकोपरच्या मास्तरांचं पत्र आलं तेव्हा मी, त्यांचा सख्खा पणतू, मुलुंडच्या घरात बशीतून चहा पीत होतो.

स्वातंत्र्याला सातआठ वर्षं झाली होती. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायचं ठरलं होतं. प्रत्येक शाखेनं फॉर्म भरून पाठवायचा आणि या निवृत्त मास्तरांनी त्यातून वंशवृक्ष जुळवायचा. वडिलांनी आजोबांच्या रकान्यात झोकात लिहिलं: हवालदार, कंपनी सरकारची पलटण, काबूलची मोहीम. पेन्शनचा कागद पत्र्याच्या नळकांड्यात होताच.

मास्तरांचं म्हणणं असं, की गावाकडच्या टिपणात हा हवालदार 'मयत, निपुत्रिक' आहे. नाशिकच्या उपाध्यायांच्या वहीत आमच्या घराचा मूळपुरुष म्हणून भलतंच नाव आहे, आणि त्या नावाचा माणूस गावात जन्मल्याची नोंदच नाही. दिवाळीआधी उलगडा झाला नाही, तर आमची शाखा गाळावी लागेल.

वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे. हवालदाराची गोष्ट त्यांनी आळीतल्या प्रत्येक भाडेकरूला किमान दोनदा ऐकवलेली. त्या दिवशी मात्र जेवताना ते एवढंच म्हणाले, "म्हणजे मी कुणाचा नातू रे?" दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोटदुखीचा अर्ज टाकून मी नाशिक गाठलं.

उपाध्यायांनी लाल कापडातली लांबोडकी वही सोडली. अक्षर सगळं मोडी, माझ्या बापजन्मात न कळणारं. मास्तरांना पत्रानं पाठवलेली नोंद त्यांनी वाचून दाखवली: नाव, गाव, बायको, तीन मुलगे. मी म्हटलं, हे ठाऊक आहे, जरा मागचं पान बघा. ते कुरकुरले, पान उलटलं, वाचू लागले आणि मध्येच पोट धरून हसायला लागले.

पणजोबांनी स्वहस्ते लिहिलं होतं. पलटणीबरोबर गेल्यावर बारा वर्षं त्यांची खबर नव्हती. घरच्यांनी रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन केलं, तेरावं घातलं. मग एके दिवशी मयत स्वतःच्या पायांनी अंगणात हजर! आता ज्याचं श्राद्ध झालं त्याला पंगतीत घ्यायचं कसं? शास्त्रात तोड होती. माणसानं पुन्हा जन्मायचं. त्या मिशाळ हवालदाराला तुपाच्या घंगाळात बसवून बाहेर काढलं, बारसं करून नवं नाव ठेवलं, मुंज लावली आणि शेवटी त्याच्याच बायकोशी त्याचं लग्न लावून दिलं. विधवेच्या लाल आलवणात दिवस काढणाऱ्या पणजीनं पुन्हा कुंकू लावलं. गावानं विधवेचं लग्न जेवून ढेकर दिला आणि धर्म बुडाला म्हणून कुणी हूं की चूं केलं नाही. मुलगे झाले ते त्यानंतर. सरकारला बारशाचं काय. पेन्शन जुन्याच नावानं येत राहिली.

नक्कल घेऊन मी आणि वडील थेट घाटकोपरला गेलो. मास्तरांनी ती दोनदा वाचली, वंशवृक्षाचा कागद पसरला आणि पेन्सिल कानामागे खोचून बसून राहिले. मेलेला हवालदार एका चौकोनात, जन्माची नोंद नसलेला मूळपुरुष दुसऱ्यात.

"अहो, पण यांना जोडू कसं?" मास्तर म्हणाले. "बापाखाली मुलगा दाखवायची सोय आहे. माणसाखाली तोच माणूस कसा दाखवू?"

"रेघ मारा," वडील म्हणाले. "आणि ते निपुत्रिक आधी खोडा."

मास्तरांनी खोडलं. रबरानं नीट जाईना, तेव्हा वडिलांनी कागद स्वतःकडे ओढला आणि खाली आपल्या नावापर्यंत बोट नेऊन पाहिलं. मग मृत्यूच्या रकान्यात काय लिहू, असं मास्तरांनी विचारलं.

"पहिला का दुसरा?" वडिलांनी साळसूदपणे विचारलं, आणि मास्तरांच्या बायकोकडे चहा मागितला.